घरातला कचरा काढायला स्किप घ्यायची तर खर्च किती येतो? इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी घरांचे नेहमीचे प्रश्न

स्किप म्हणजे कचरा भरायला भाड्याने मिळणारा मोठा लोखंडी डबा. जुनं सेमी-डिटॅच्ड घर (एका भिंतीने शेजारच्या घराला जोडलेलं) घेतलं की पहिल्या वर्षातच हा विषय निघतो. आधीच्या मालकाने लॉफ्टमध्ये सोडलेलं सामान, गॅरेजमधले रंगाचे डबे, उखडलेलं किचन, बाथरूमच्या टाइल्स, मागच्या गार्डनमधली कुजलेली शेड. स्लाव, हॅरो, रेडिंग, मिल्टन कीन्स, कुठल्याही मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर उन्हाळा आला की कोणीतरी विचारतंच, "स्किप कितीला पडते हो?" आणि उत्तरात पाचजण पाच आकडे टाकतात, पाचही खरे असतात पण कोणाचाच आकडा आपल्याला लागू होत नाही. म्हणून सगळे प्रश्न एका जागी घेतलेत. यातले नियम मुख्यतः इंग्लंडचे आहेत, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये काही गोष्टी वेगळ्या आहेत, तिथे तसं सांगितलंय.

सरळ आकडा सांगा, किती पैसे लागतात?

साधारण अंदाज असा धरा, स्किप आपल्याच ड्राइव्हवेवर उभी राहणार आहे असं समजून: २-३ यार्डची (यार्ड म्हणजे क्युबिक यार्ड, पुढे येतंय) मिनी स्किप १२० ते २०० पाउंड, ४ यार्डची १७० ते २७०, ६ यार्डची २२० ते ३३०, आणि ८ यार्डची २५० ते ४०० पाउंड. लंडनमध्ये आणि लंडनच्या आसपास वरच्या टोकाला जाईल, उत्तरेकडे, म्हणजे यॉर्कशर लँकशर वगैरे भागात, खालच्या टोकाला. यात रस्त्यावर ठेवायचं परमिट धरलेलं नाही, सोफा-गादीचे जास्तीचे पैसे धरलेले नाहीत, आणि फोनवर सांगितलेल्या आकड्यात २० टक्के व्हॅट आहे की नाही हे विचारल्याशिवाय कळत नाही. २४० सांगितले आणि व्हॅट वेगळा असेल तर ते २८८ झाले, इतका सरळ फरक आहे. त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून बघायच्या आधी दोन्हीत काय काय धरलंय ते बघा, नाहीतर स्वस्त वाटलेली स्किपच शेवटी महाग पडते.

एका लोखंडी डब्याचे एवढे पैसे? भारतात तर भंगारवाला आपल्याला पैसे देऊन जातो.

इथे भारतातून नवीन आलेल्या प्रत्येकाला हा धक्का बसतो, आणि आई-बाबा तीन-चार महिन्यांसाठी आलेले असले तर त्यांना तर हे पटतच नाही. पण डब्याचं भाडं हा या बिलातला लहान भाग आहे. लॉरी दोनदा येते, एकदा ठेवायला आणि एकदा न्यायला, ड्रायव्हरचा पगार, डिझेल, आणि मग सगळ्यात मोठा खर्च म्हणजे तो माल वेस्ट ट्रान्सफर स्टेशनला नेऊन तिथे निवडणं आणि जे काहीच कामाचं नाही ते पुरणं किंवा जाळणं.

पुरण्यावर इथे लँडफिल टॅक्स आहे. तो १ ऑक्टोबर १९९६ ला सुरू झाला तेव्हा टनाला ७ पाउंड होता. १ एप्रिल २०२५ पासून त्याचा नेहमीचा दर टनाला १२६.१५ पाउंड झाला. शिवाय लँडफिलवाल्याची स्वतःची फी वेगळी. स्कॉटलंडने २०१५ पासून आणि वेल्सने २०१८ पासून आपापला वेगळा टॅक्स लावलाय पण हेतू तोच, की पुरणं महाग झालं म्हणजे लोक आणि कंपन्या निवडून रिसायकल करतील. आता विचार करा, ६ यार्डच्या स्किपमध्ये मिक्स कचरा दोन-तीन टन सहज भरतो, त्यातला जितका माल पुरावा लागेल तितका टॅक्स, आणि तो शेवटी आपल्याच बिलातून जातो. एकदा हे लक्षात आलं की "कुठला डबा स्वस्त" यापेक्षा "माझ्या घरातून यात काय काय जाणारे" हा प्रश्न महत्त्वाचा वाटायला लागतो, आणि खरी बचत तिथेच आहे.

कुठला साईज घ्यावा?

यार्ड म्हणजे इथे क्युबिक यार्ड, म्हणजे पाऊण घनमीटरच्या किंचित वर. काळ्या बिन बॅगांच्या हिशोबात ४ यार्ड म्हणजे साधारण ४०, ६ यार्ड म्हणजे ६०, ८ यार्ड म्हणजे ८० बॅगा. लहान बाथरूम उखडायचं असेल तर ४ यार्ड पुरते. अख्खं किचन, म्हणजे युनिट्स, वर्कटॉप, टाइल्स, फ्लोअरिंग असं सगळं असेल तर ६ यार्ड. लॉफ्ट, गॅरेज आणि एखादी शेड एकदम रिकामी करायची तर ८ यार्ड. ८ यार्डची स्किप साधारण १२ फूट लांब, ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच असते, तेव्हा बुक करायच्या आधी टेप घेऊन ड्राइव्हवे मोजा आणि गाडी कुठे लावणार तेही ठरवा.

दोन साईजमध्ये अडकलात तर वरचा घ्या. ६ आणि ८ मधला फरक बहुतेक ठिकाणी ३०-५० पाउंडांचा असतो, पण स्किप भरून गेली आणि अजून दहा बॅगा उरल्या तर दुसरी स्किप, नाहीतर टिपला, म्हणजे पालिकेच्या कचरा केंद्राला, फेऱ्या. मात्र हा सल्ला हलक्या सामानासाठी आहे, वजनदार मालाचं गणित वेगळं आहे, ते पुढच्या प्रश्नात.

मग सरळ १२ यार्डची का घेऊ नये, एकदाच सगळं जाईल?

कारण लॉरीला ती उचलता आली पाहिजे. ढोबळ हिशोब म्हणजे ८ यार्डपर्यंत यार्डाला एक टन, म्हणजे ८ यार्डमध्ये साधारण ८ टन. माती, विटा, काँक्रीट, टाइल्स असा माल असेल तर ८ यार्डच्या वर कोणीच देत नाही. १२ आणि १४ यार्डच्या स्किप्स असतात, पण त्या फर्निचर, खोके, कार्पेट, लाकूड असल्या मोठ्या पण हलक्या मालासाठी. १२ यार्डच्या स्किपमध्ये पॅटिओचे स्लॅब टाकून ठेवलेत तर ड्रायव्हर येऊन बघेल आणि उचलायला नकार देईल, त्या फेरीचे पैसे तुमच्या माथी, आणि मग ते स्लॅब हाताने बाहेर काढायचे.

फोन करताना काय विचारायचं?

पाच मिनिटं लागतात, जरूर विचारा. व्हॅट धरलाय का. किती दिवसांसाठी, बहुतेक जण ७ ते १४ दिवस देतात, आणि त्यापुढे दिवसाला किंवा आठवड्याला किती. वजनाची मर्यादा काय आणि ती ओलांडली तर टनाला किती. परमिट तुम्ही काढणार का आणि त्याचे किती. गादी, सोफा, प्लास्टरबोर्ड, फ्रिज याचे वेगळे किती. आणि लॉरी आली पण रस्त्यात कोणाची तरी गाडी आडवी असल्यामुळे स्किप ठेवता आली नाही तर काय आकारता, कारण त्या रिकाम्या फेरीचे पैसे लावतात. ही सगळी उत्तरं ईमेलवर मागा. चांगली कंपनी लगेच पाठवते, टाळाटाळ करणारी कंपनी तिथेच ओळखू येते.

अजून एक, इंटरनेटवर वर दिसणाऱ्या बऱ्याच साइट्स स्वतःच्या स्किपवाल्या नसतात, ब्रोकर असतात, ते तुमच्याकडून पैसे घेऊन गावातल्याच कंपनीला काम देतात आणि मधले कमिशन ठेवतात. म्हणून आपल्या भागात फिरताना लोकांच्या दारातल्या स्किपवर जे नाव आणि नंबर रंगवलेला दिसतो तिथे थेट फोन लावा. बहुतेकवेळा तोच माल, तीच लॉरी, आणि दर कमी.

आमच्याकडे ड्राइव्हवे नाही, रस्त्यावर ठेवली तर?

तर कौन्सिलचं, म्हणजे स्थानिक पालिकेचं, परमिट लागतं. हायवेज अॅक्ट १९८० च्या कलम १३९ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय स्किप ठेवणं हा गुन्हा आहे. फुटपाथ आणि घरासमोरची ती गवताची पट्टीसुद्धा बहुतेकवेळा कौन्सिलचीच असते, ती आपली समजून तिथे स्किप ठेवू नका. परमिट सहसा स्किप कंपनीच काढते आणि पैसे तुमच्या बिलात लावते. दर कौन्सिलप्रमाणे फार वेगळे आहेत, कुठे ३० पाउंड कुठे १०० च्या वर, आणि मिळायला काही वर्किंग डे लागतात, म्हणजे "उद्याच पाहिजे" हे रस्त्यावर जमत नाही. रात्री दिवे, रिफ्लेक्टर पट्ट्या आणि स्किपवर मालकाचं नाव-नंबर हेही कायद्यात आहे, ते कंपनी लावते पण लावलंय का ते तुम्ही बघून घ्या.

लंडनमध्ये रेसिडेंट पार्किंगचा भाग असेल तर परमिटच्या जोडीला ती पार्किंग बे सस्पेंड करायचे पैसे वेगळे, आणि काही बरोंमध्ये (लंडनच्या पालिका भागांमध्ये) हे सगळं मिळून स्किपच्या भाड्याच्या जवळ जातं. अशा ठिकाणी "वेट अँड लोड" विचारा. लॉरी येऊन थांबते, तुम्ही अर्ध्या-पाऊण तासात भरायची आणि ती लगेच घेऊन जाते, स्किप रस्त्यावर राहतच नसल्यामुळे बहुतेक ठिकाणी परमिट लागत नाही. पण माल आधीच दारात काढून ठेवलेला पाहिजे आणि घरात भरायला चार हात पाहिजेत.

स्किपमध्ये काय टाकता येत नाही?

फ्रिज-फ्रीझर, टीव्ही आणि मॉनिटर, टायर, गॅस सिलिंडर, गाडीच्या आणि इतर कुठल्याही बॅटऱ्या, ट्यूबलाइट, ओला रंग, थिनर, इंजिन ऑइल, औषधं-इंजेक्शनं, आणि अॅस्बेस्टॉस. यातलं एकही लपवून टाकू नका. ट्रान्सफर स्टेशनला माल पसरून निवडतात, तिथे ते सापडतं आणि बिल तुमच्याकडे येतं. पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे लिथियम बॅटरी, व्हेप किंवा इ-बाइकची बॅटरी लोडरखाली चिरडली की पेटते, आणि कचऱ्याच्या लॉऱ्यांना आणि डेपोंना अशा आगी लागतात. तिथे माणसं काम करतात. जुनी खेळणी टाकताना सेल काढून घ्या, सुपरमार्केटच्या दारात सेल टाकायचा डबा असतोच.

रंगाचे अर्धे डबे प्रत्येक गॅरेजमध्ये असतात. पाण्याच्या इमल्शनमध्ये वाळू किंवा लाकडाचा भुसा घालून उघडा ठेवला की सुकून दगड होतो, आणि असा सुकलेला रंग बरेच जण घेतात, विचारून टाका. कॅलरसारखे गॅस सिलिंडर कंपनीच्या मालकीचे असतात, ते डीलरकडे परत करायचे.

सोफ्याचे वेगळे पैसे का घेतात? एक सोफा तर आहे.

कारण तो पुरता येत नाही. इथे १९८८ च्या फायर सेफ्टी नियमांमुळे सोफ्याच्या फोमला आणि कापडाला आग-रोधक केमिकल लावत आले. त्यातली काही आता वर्षानुवर्षं नष्ट न होणारी, माती-पाण्यातून अन्नात येणारी विषारी द्रव्यं ठरली आहेत. म्हणून एन्व्हायर्नमेंट एजन्सीने इंग्लंडमध्ये १ जानेवारी २०२३ पासून अशा सोफा, आर्मचेअर, गुबगुबीत खुर्च्या, बीनबॅग यांची वेगळी विल्हेवाट लावायला सांगितली, म्हणजे वेगळे ठेवायचे आणि जाळायच्या प्लांटलाच न्यायचे. स्किपमध्ये इतर मालात मिसळला तर त्या केमिकलवाल्या फोममुळे सगळाच माल तसा धरला जाऊ शकतो. म्हणून कंपन्या एकतर नाही म्हणतात किंवा प्रत्येक सीटमागे जास्तीचे पैसे लावतात.

सोफा चांगला असेल आणि खालचं फायर लेबल शाबूत असेल तर ब्रिटिश हार्ट फाउंडेशनसारख्या संस्था घरी येऊन फुकट नेतात. लेबल कापलेलं असेल तर घेत नाहीत, तेव्हा नवीन सोफा घेतल्यावर ते टोचतं म्हणून कापू नका. सोफा घेण्याच्या लायकीचा नसेल तर कौन्सिलच्या बल्की वेस्ट कलेक्शनला बुक करा, एक-दोन वस्तूंसाठी तेच स्वस्त.

प्लास्टरबोर्ड आणि अॅस्बेस्टॉसचं काय?

प्लास्टरबोर्डमध्ये जिप्सम असतं. ते ओल्या, कुजणाऱ्या कचऱ्याबरोबर पुरलं की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी गॅस. म्हणून तो वेगळाच ठेवावा लागतो. थोडासाच असेल तर वेगळ्या बॅगांत भरून ठेवा आणि कंपनीला आधी सांगा. अख्खा सीलिंग पाडणार असाल तर फक्त प्लास्टरबोर्डची स्किप मिळते.

अॅस्बेस्टॉस हा हसण्यावारी न्यायचा विषय नाही. युकेमध्ये त्याच्यावर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, म्हणजे २००० च्या आधीच्या कुठल्याही घरात तो असू शकतो. गॅरेज-शेडचे पन्हळी सिमेंटचे पत्रे, आर्टेक्सचे नक्षीदार सीलिंग, जुन्या काळ्या-तपकिरी फ्लोअर टाइल्स, बॉयलरमागचे बोर्ड. संशय आला तर तोडू नका, घासू नका, ड्रिल करू नका. सॅम्पल टेस्ट करून मिळते, ३०-४० पाउंडांच्या आसपास, आणि बरीच कौन्सिल्स थोडे पत्रे बुकिंग करून घेतात. पैसे वाचवायला पत्रे फोडून बॅगेत भरून स्किपच्या तळाशी टाकणारे लोक आहेत आणि ते बघून जीव तुटतो, कारण ते तंतू आधी आपल्याच पोरांच्या फुफ्फुसात जातात.

फेसबुकवर एकजण म्हणतोय ८० पाउंडात सगळं नेतो, व्हॅन घेऊन आजच येतो. घेऊ का?

त्याचा वेस्ट कॅरियर नंबर मागा. इंग्लंडमध्ये दुसऱ्यांचा कचरा नेणाऱ्या धंद्याला एन्व्हायर्नमेंट एजन्सीकडे नोंदणी लागते, नंबर सीबीडीयू या अक्षरांनी सुरू होतो, आणि एजन्सीच्या साइटवर पब्लिक रजिस्टरमध्ये नाव किंवा नंबर टाकून कोणालाही फुकट बघता येतो. वेल्स, स्कॉटलंड, नॉर्दर्न आयर्लंडची रजिस्टर्स वेगळी आहेत. नंबर दिला तरी तो त्याच नावाचा आहे का ते बघा, दुसऱ्याचा नंबर सांगणारेही असतात.

८० पाउंडात दोन माणसं, व्हॅन, डिझेल आणि टनाला शंभराच्या वर टॅक्स हे बसतच नाही. म्हणजे माल कुठेतरी शेताच्या कडेला पडणार. आणि मग काय होतं, तर कौन्सिलचा माणूस त्या ढिगातून एक पाकीट काढतो, त्यावर तुमचं नाव-पत्ता, आणि पत्र तुमच्या दारात. एन्व्हायर्नमेंटल प्रोटेक्शन अॅक्ट १९९० प्रमाणे आपला कचरा योग्य माणसाकडे देणं ही घरमालकाची जबाबदारी आहे, ती न पाळल्याचा फिक्स्ड पेनल्टी दंड इंग्लंडमध्ये २०२३ पासून ६०० पाउंडांपर्यंत जाऊ शकतो, आणि कोर्टात गेलं तर त्याहून जास्त. "मी तर पैसे दिले होते" हे चालत नाही. नंबर तपासला, पावती घेतली, व्हॅनच्या नंबरप्लेटचा फोटो काढला, बँकेतून पैसे दिले, एवढं असेल तर तुम्ही काळजी घेतली हे दाखवता येतं. रोख मागणारा आणि पावती नाही म्हणणारा, त्याला दारातूनच परत पाठवा.

व्हिसा, आयएलआर (कायम राहायची परवानगी), सिटिझनशिप अशा रांगेत असलेल्या माणसाला दंडाचं पत्र किती झोप उडवतं हे आपल्यातल्या बऱ्याच घरांना माहितीये, त्यामुळे ही दोन मिनिटांची तपासणी कोणीही चुकवू नये असं मनापासून वाटतं.

प्रामाणिक मॅन-अँड-व्हॅनवाले पण असतात ना?

असतात, भरपूर, आणि काही वेळा तेच बरे. ते यार्डप्रमाणे पैसे घेतात आणि उचलून भरायचं काम तेच करतात. यार्डाला दर स्किपपेक्षा जास्त पडतो पण फ्लॅटमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहत असाल, पाठ दुखत असेल, घरी लहान बाळ असेल, किंवा माल दोन-तीन यार्डच असेल, तर परमिट नाही, भरणं नाही, एका तासात घर मोकळं. आठ यार्ड माल असेल तर मात्र स्किपच परवडते.

स्किप न घेता भागेल का?

पुष्कळदा भागतं, आणि आधी हे करून बघावं. कौन्सिलच्या टिपला, म्हणजे हाउसहोल्ड वेस्ट रिसायकलिंग सेंटरला, गाडीतून नेणं घरच्या कचऱ्यासाठी फुकट आहे. टाइल्स, विटा, प्लास्टर अशा डीआयवाय मालाचे, म्हणजे घरचं काम स्वतः करताना निघालेल्या मालाचे, पूर्वी बरीच कौन्सिल्स पैसे घ्यायची, ३१ डिसेंबर २०२३ पासून इंग्लंडमध्ये थोडा माल फुकट घ्यावा लागतो. थोडा म्हणजे एका वेळी ५० लिटरच्या दोन बॅगा, किंवा २ मीटर बाय ७५ सेंटिमीटर बाय ७० सेंटिमीटरच्या आत बसणारी एक वस्तू, जसं बाथटब, आणि चार आठवड्यांत चार वेळा. एक बाथरूम हळूहळू स्वतः करणाऱ्याला हे पुरतं. बऱ्याच टिपना आता ऑनलाइन स्लॉट बुक करावा लागतो आणि पत्त्याचा पुरावा मागतात. भाड्याने व्हॅन घेऊन जाणार असाल तर व्हॅनचं परमिट आधी काढा, गेटवरून परत पाठवतात.

डीआयवायच्या दुकानात मिळणारी स्किप बॅगही आहे. बॅग स्वस्त असते पण उचलून न्यायचे पैसे वेगळे असतात आणि खरा खर्च तो, त्यामुळे बॅग घेण्याआधी तुमच्या पोस्टकोडला उचलायचे किती ते बघा. मोठ्या बॅगेचा एकूण खर्च कधीकधी ४ यार्डच्या स्किपला जाऊन भिडतो.

धातूचे तरी पैसे मिळतात का?

हो, इथेही भंगाराला भाव आहे. तांब्याचे पाइप, पितळेचे नळ, जुने रेडिएटर, गरम पाण्याची तांब्याची टाकी, वायरी, हे स्किपमध्ये टाकू नका, स्क्रॅप यार्डला न्या. इंग्लंड-वेल्समध्ये भंगारवाल्याने रोख पैसे देणं बेकायदा आहे, स्क्रॅप मेटल डीलर्स अॅक्ट २०१३ प्रमाणे फोटो आयडी आणि पत्त्याचा पुरावा घेऊन बँकेत पैसे टाकतात. किचन-बाथरूमचं काम काढलं असेल तर बिल्डरला आधीच सांगा की तांबं माझं, एका बाजूला ठेव.

गार्डनमधली माती काढायची आहे.

माती फार जड. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास जाते आणि खणून मोकळी झाली की पाव पट फुगते, त्यामुळे खड्ड्याचं माप घेऊन मागवलेली स्किप कमी पडते. स्वच्छ माती-दगडांवर लँडफिल टॅक्सचा दर फार कमी आहे, म्हणून फक्त मातीची स्किप मिक्सपेक्षा स्वस्त मिळू शकते, पण त्यात प्लास्टिक, मुळं, लाकूड, कार्पेट काही पडता कामा नये, एक बॅग कचऱ्याने अख्खी स्किप मिक्स ठरते. एक्स्टेंशनसाठी मोठा खड्डा असेल तर ग्रॅब लॉरी (स्वतःच्या यांत्रिक पंजाने माल उचलणारी) विचारा, ती एका फेरीत १६ टनांच्या आसपास नेते आणि टनामागे स्किपपेक्षा बरीच स्वस्त पडते. जपानी नॉटवीड नावाचं तण असलेली माती मात्र कुठल्याच स्किपमध्ये टाकू नका, तिचा मुळाचा छोटा तुकडाही पुन्हा उगवतो, तिला वेगळी परवानगीची जागा लागते.

भरायची कशी? आमची नेहमी अर्ध्यातच भरते.

हवा भरलेली असते म्हणून. गावाला जाताना गाडीची डिकी लावतो तशीच लावायची. आधी तळाला सपाट माल, दारं, प्लायवूड, कार्पेटचे तुकडे, वर्कटॉप. किचनची युनिट्स जशीच्या तशी टाकली तर चार युनिट्समध्ये अर्धी स्किप जाते, तीच स्क्रू काढून फळ्या केल्या तर तळाला हातभर थर होतो. मग विटा-टाइल्स सगळीकडे सारख्या पसरून, एका बाजूला वजन नको. फटींमध्ये बॅगा, आणि वर फांद्या नको, त्या आधी कापून दाबायच्या. पुढचा दरवाजा खाली पडणारी स्किप मागा, बॅरो (एकचाकी हातगाडी) थेट आत नेता येते आणि पाठ वाचते.

कडेच्या वर काही येता कामा नये. ड्रायव्हर साखळ्या लावायच्या आधी बाजूला उभा राहून कडेच्या रेषेत बघतो, वर दिसलं की काढायला सांगतो, कारण रस्त्यात एक वीट उडाली तर मागच्या गाडीच्या काचेत. त्याच्याशी वाद घालू नका, लायसन्स त्याचं जातं. कडेला दारं उभी करून स्किप उंच करायची युक्तीही चालत नाही.

ड्राइव्हवे खराब होईल का?

होऊ शकतो, ब्लॉक पेव्हिंग आणि टारमॅक दोन्ही, विशेषतः उन्हाळ्यात टारमॅक मऊ असताना. स्किपखाली जाड फळ्या ठेवायला सांगा किंवा स्वतः देऊन ठेवा. मॅनहोलच्या झाकणावर ठेवू देऊ नका. आणि आधी फोटो काढून ठेवा, तारीख दिसेल असे. ठेवताना कोणीतरी घरी असलेलं बरं, ड्रायव्हरला जागा खडूने आखून दिलेली आवडते.

रात्री शेजारपाजारचे लोक आपल्या स्किपमध्ये गाद्या टाकून जातात.

होतं हे, आणि त्याचे पैसे आपण भरतो. झाकणवाली, कुलूप लागणारी स्किप मिळते, नाहीतर ताडपत्री बांधा, पावसाने वजन वाढत नाही हा दुसरा फायदा. सगळ्यात उत्तम म्हणजे माल आधी गॅरेजमध्ये जमवून ठेवायचा, शुक्रवारी स्किप, शनिवार-रविवारी भरायची, सोमवारी परत. ओळखीच्या शेजाऱ्याला स्वतःहून विचारा, काही टाकायचंय का, अर्धे पैसे वाटून घेऊ. आमच्या गल्लीत हे छान चालतं.

बिल्डर म्हणतोय स्किप तुम्हीच आणा. बरोबर आहे का?

काही चूक नाही, फक्त कोटेशनमध्ये लिहून घ्या. बिल्डरने आणली तर तो वर थोडे लावणार, तुम्ही आणली तर साईज, परमिट, वेळेवर बदलून घेणं हे तुमच्याकडे. तो म्हणाला "मी व्हॅनमधून नेतो", तर त्याचा स्वतःचा वेस्ट कॅरियर नंबर मागा, धंद्याच्या कामातून निघालेला माल त्याला घरगुती टिपला फुकट टाकता येत नाही. आणि काम सुरू असताना कप, पिझ्झाचे बॉक्स, चहाच्या पिशव्या त्याच स्किपमध्ये जातात, तेवढं वेगळी बॅग ठेवून टाळा.

जुना देव्हारा, भांडी, मुलांचं सामान स्किपमध्ये टाकायला जीव होत नाही.

टाकूही नका. नवीन आलेली कितीतरी घरं स्लाव-हाउन्स्लोमध्ये रिकाम्या फ्लॅटमध्ये सुरुवात करतात, त्यांना कुकर, पोळपाट, कॉट, हाय चेअर सगळं हवं असतं. मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाका, लाकडी देव्हारा तर तासाभरात जातो. फ्रीसायकल, फेसबुक मार्केटप्लेसवर "फ्री, कलेक्ट ओन्ली" लिहा. चार ड्रॉवरचं कपाट, दोन टेबलं, सायकल असं गेलं की ८ यार्डची ६ यार्ड होते. हे स्किप बुक करायच्या दोन आठवडे आधी करा, नंतर घाईत सगळंच आत जातं.